मार्करवर विसंबण्यापूर्वी: शेंगवर्गीय पिकांत रोगप्रतिकाराची निवड कशी करावी

हरभऱ्याचा मर, वाटाण्यावरची भुरी किंवा भुईमुगावरचा तांबेरा यांना दाद न देणारा वाण तयार करायचा, तर पूर्वी एकच वाट होती. प्रत्येक पिढीत रोपांना मुद्दाम लागण करायची, जे रोप तगेल त्याचे बी पुढे न्यायचे आणि हेच वर्षानुवर्षे करत राहायचे. जनुकीय मार्करमुळे या वाटेवरचे काही टप्पे वगळता येतात. पंधरा-वीस दिवसांच्या रोपाचे एक कोवळे पान घेऊन, शेतात रोग असो वा नसो, त्या रोपात प्रतिकाराचे जनुक आले आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. मात्र तो अंदाज असतो, निकाल नव्हे. हा फरक ज्यांच्या ध्यानात राहतो त्यांचे काम तडीस जाते, आणि ज्यांच्या ध्यानातून सुटतो त्यांच्या हाती चार-पाच वर्षांनंतर रोगाला बळी पडणारा ‘प्रतिकारक’ वाण येतो.

मार्कर म्हणजे गुणसूत्रावरील एक खूण. डीएनएच्या त्या ठिकाणी दोन पालकांमध्ये फरक असतो आणि तो प्रयोगशाळेत ओळखता येतो. बहुतेक मार्कर प्रत्यक्ष जनुकात नसून त्याच्या शेजारी असतात, आणि शेजारी असल्यामुळे ते सहसा जनुकाबरोबरच पुढच्या पिढीत जातात. हे ‘सहसा’ किती भरवशाचे, हे अंतरावर ठरते. समजा मार्कर जनुकापासून ५ सेंटीमॉर्गनवर (गुणसूत्रावरील अंतराचे एकक) आहे. मग दर पिढीत साधारण ५ टक्के वेळा पुनर्संयोजन, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, होऊन दोघांची ताटातूट होईल. सलग चार पिढ्या केवळ या एकाच मार्करवर निवड केली, तर शेवटी जनुक हाती असण्याची शक्यता सुमारे ८१ टक्केच उरते. याउलट जनुकाच्या दोन्ही बाजूंना ५-५ सेंटीमॉर्गनवर एकेक मार्कर असेल आणि दोन्ही आलेलीच रोपे निवडली, तर एका पिढीतील चूक ०.३ टक्क्यांच्याही खाली येते. म्हणून पहिला नियम असा की, मार्कर जनुकाच्या आतलाच नसेल तर एका बाजूच्या मार्करवर कार्यक्रम उभा करू नये.

रोगाची ओळख आधी, मार्कर नंतर

काम प्रयोगशाळेतून सुरू करण्याचा मोह टाळावा. सुरुवात तीन प्रश्नांनी करावी. रोगकारकाचा कोणता प्रकार समोर आहे? त्याला प्रतिकार करणारा दाता वाण, म्हणजे ज्याच्याकडून जनुक घ्यायचे तो, कोणता? आणि त्या प्रतिकाराची आनुवंशिकता कशी आहे?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व हरभऱ्याच्या मर रोगावरून चांगले समजते. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचा हरभऱ्यावर येणारा प्रकार एकजिनसी नाही. त्याच्या ०, १ए, १बी/सी, २, ३, ४, ५ आणि ६ अशा आठ रेस (उपप्रकार) नोंदल्या गेल्या आहेत आणि निरनिराळ्या रेसला प्रतिकार देणारी जनुके वेगवेगळी आहेत. त्यांतील अनेक जनुके दुसऱ्या सहलग्नता गटावर (एकत्र वारशाने जाणाऱ्या जनुकांच्या गटावर) एकमेकांच्या जवळ वसलेली असून टीए ५९, टीए ९६, टीए २७, टीआर १९ यांसारखे एसएसआर (डीएनएतील लहान पुनरावृत्तींवर आधारित) मार्कर त्याच परिसरात येतात. जनुके शेजारी आहेत म्हणून एका रेससाठी सिद्ध झालेला मार्कर दुसऱ्या रेससाठीही चालेल, असे गृहीत धरणे ही या पिकातली नेहमीची चूक आहे. आपल्या शेतातील बुरशीची रेस ठाऊक नसेल, तर मार्कर मागवण्याआधी ती ओळख करून घ्यावी.

आनुवंशिकतेचा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे, कारण मार्करचा खरा लाभ कोठे होईल हे त्यावरून कळते. प्रतिकार अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे दोन्ही प्रती असल्या तरच गुण दाखवणाऱ्या जनुकामुळे, येत असेल, तर बॅकक्रॉसमधील (संकरित रोपाचा मूळ वाणाशी पुन्हा केलेल्या संकरातील) विषमयुग्मजी रोपे, म्हणजे ज्यांच्यात जनुकाची एकच प्रत आहे अशी रोपे, रोगाला बळी पडतात. त्यामुळे जुन्या पद्धतीत दर बॅकक्रॉसनंतर स्वपरागणाची एक पिढी घेऊन, तिच्यात रोगाची चाचणी करून मगच पुढचा संकर करता येई. मर रोगाचा प्रतिकार पुष्कळ वेळा असाच आढळतो, आणि वाटाण्यातील भुरीला रोखणारे ईआर १ हे जनुकही अप्रभावी आहे. अशा ठिकाणी विषमयुग्मजी रोप वेगळे दाखवणारा मार्कर पिढ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणतो. प्रभावी जनुक असेल, रोगाची चाचणी रोपवाटिकेत सहज करता येत असेल आणि निकाल स्वच्छ मिळत असेल, तर मार्करवर खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे मी म्हणेन.

अनेक लहान जनुकांच्या मिळून येणाऱ्या प्रतिकाराची गोष्ट निराळी. क्यूटीएल विश्लेषणात, म्हणजे मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणारी जनुकस्थाने शोधण्याच्या अभ्यासात, एखादे स्थान रोगातील ८-१० टक्के फरक स्पष्ट करते असे दिसले, तर त्या एका स्थानाच्या मागे लागू नये. लहान समुदायावर केलेल्या अभ्यासात असे परिणाम प्रत्यक्षाहून मोठे दिसतात. येथे संपूर्ण जनुकसंचातील हजारो मार्कर एकत्र वापरणारी जीनोमिक निवड अधिक योग्य ठरते. याउलट भुईमुगात जीपीबीडी ४ या वाणाकडून मिळणारा तांबेऱ्याचा प्रतिकार, जो मुळात अरॅकिस कार्डेनासी या रानटी प्रजातीतून आला, एका मोठ्या स्थानावर एकवटलेला आहे. ते स्थान रोगातील ८० टक्क्यांहून अधिक फरक स्पष्ट करते, असे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मार्करआधारित बॅकक्रॉससाठी असे स्थान आदर्श होय.

मार्करची निवड

एसएसआर मार्करमध्ये डीएनएच्या लहान पुनरावृत्तींची संख्या पालकांत वेगळी असते आणि तो फरक जेलवर पट्ट्यांच्या लांबीतून दिसतो. एसएनपी मार्करमध्ये एका अक्षराचा फरक असतो. तो ओळखण्यासाठी कास्प ही पद्धत आज सर्वाधिक सोयीची आहे, कारण तिच्यात जेल लागत नाही आणि शेकडो नमुने एकाच दिवशी तपासता येतात. सोयाबीन, तूर, हरभरा, राजमा अशा प्रमुख पिकांचे जनुकसंच उलगडले गेल्यामुळे एसएनपींची टंचाई आता उरलेली नाही. स्कार नावाचे जुने मार्कर अजूनही उपयोगी आहेत, पण त्यांतील बरेच प्रभावी स्वरूपाचे असतात. ते पट्टी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतात.

प्रभावी मार्कर टाकाऊ असतो असे नाही. बॅकक्रॉसच्या पिढीत दात्याची पट्टी दिसलेले प्रत्येक रोप विषमयुग्मजीच असते, त्यामुळे तेथे त्याचे काम बिनतक्रार होते. अडचण शेवटच्या स्वपरागणाच्या पिढीत येते. तेथे पट्टी दिसणाऱ्या रोपांपैकी एक तृतीयांशच समयुग्मजी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेली, असतात आणि ती कोणती हे मार्कर सांगू शकत नाही. राजम्यातील जिवाणूजन्य करप्याच्या प्रतिकारासाठी वापरला जाणारा एसयू ९१ हा मार्कर असाच आहे. तो वापरताना शेवटच्या टप्प्यात प्रत्येक रोपाची संतती तपासण्याची तरतूद आधीच ठेवावी.

मार्कर निवडल्यावर पहिल्याच दिवशी दाता आणि ज्या वाणात प्रतिकार आणायचा तो आवर्ती पालक, या दोघांत तो फरक दाखवतो का हे पाहावे. शोधनिबंधातील मार्कर कितीही नावाजलेला असो, आपल्या दोन पालकांत त्याची पट्टी सारखीच आली तर त्याचा काही उपयोग नाही. हरभरा आणि भुईमूग यांच्या लागवडीखालील वाणांत जनुकीय विविधता कमी असल्यामुळे हा अनुभव वारंवार येतो. म्हणून जनुकाच्या परिसरातील पाच-सहा तरी मार्कर सुरुवातीलाच तपासावेत.

पडताळणी, ज्यावर सगळे उभे आहे

या कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. एका संकरात शोधलेला मार्कर त्या संकरातील नाते सांगतो. दुसऱ्या वाणात तीच पट्टी निव्वळ योगायोगाने, प्रतिकाराच्या जनुकाशिवाय, असू शकते. त्यामुळे पडताळणी दोन पातळ्यांवर करावी.

प्रथम, एकमेकांशी नाते नसलेले वीस-तीस वाण घ्यावेत, ज्यांचा रोगाला मिळणारा प्रतिसाद खात्रीने माहीत आहे, आणि त्यांवर मार्कर चालवून पाहावा. बळी पडणाऱ्या वाणांतही ‘प्रतिकारक’ पट्टी दिसू लागली, तर त्या वाणांशी केलेल्या संकरांत मार्कर निरुपयोगी आहे हे त्याच दिवशी कळते. मग दाता व आवर्ती पालक यांच्या संकरातून आलेली विलग होणारी पिढी, म्हणजे जिच्यात पालकांचे गुण वेगवेगळे होऊन दिसतात ती, घेऊन तिच्यातील प्रत्येक रोपाचा मार्कर आणि त्याचा रोग यांची सांगड घालावी.

या दुसऱ्या पातळीवर रोगाची नोंद ढिसाळ असेल तर सगळे फुकट जाते. एफ २ (संकराच्या दुसऱ्या) पिढीतील एकटे रोप पुन्हा तपासता येत नाही आणि लागणीतून ते केवळ नशिबाने वाचलेले असू शकते. म्हणून एफ २ रोपाचा मार्कर आणि त्याच्या एफ ३ कुटुंबाचा रोग अशी जोडी लावावी. कुटुंबात किमान १६ रोपे असावीत. विषमयुग्मजी पालकाच्या संततीत अप्रभावी गुणाचे एकही रोप न दिसण्याची शक्यता तेव्हा सुमारे १ टक्का इतकी खाली येते. मर रोगासाठी सिक प्लॉट, म्हणजे बुरशीने सर्वत्र सारखा भरलेला रोगट जमिनीचा तुकडा, आवश्यक आहे. त्यात दर काही ओळींनंतर जेजी ६२ सारखा लवकर मरणारा वाण लावावा. ज्या कोपऱ्यात जेजी ६२ ची रोपे जगली, त्या कोपऱ्यातील नोंदी बाद कराव्यात. उशिरा मरणाऱ्या रोपांचा वर्ग वेगळा असतो, त्यामुळे एकाच तारखेची नोंद पुरत नाही. ती रोपावस्थेत आणि पुन्हा शेंगा भरताना घ्यावी.

पडताळणीत दोन प्रकारच्या चुका दिसतात. मार्कर ‘प्रतिकारक’ म्हणतो आणि रोप मरते, किंवा मार्कर ‘बळी पडणारे’ म्हणतो आणि रोप तगते. दुसऱ्या चुकीत आपण काही चांगली रोपे गमावतो. पहिल्या चुकीत मात्र आपण चुकीचे रोप जपून पुढच्या सगळ्या पिढ्या त्याच्यावर खर्च करतो. म्हणून दोन मार्करांतून एकच निवडायचा असेल, तर पहिली चूक कमी करणारा घ्यावा.

मार्कर जनुकाच्या आतला असला तरी पडताळणी टळत नाही. वाटाण्यातील ईआर १ म्हणजे एमएलओ (भुरीला बळी पडण्यास मदत करणाऱ्या जनुकांच्या) गटातील जनुकाचे निकामी झालेले रूप. हे जनुक निरनिराळ्या दात्यांत निरनिराळ्या उत्परिवर्तनांनी निकामी झाले आहे, आणि एका उत्परिवर्तनावर बेतलेला मार्कर दुसरे उत्परिवर्तन असलेल्या रोपाला बेलाशक ‘बळी पडणारे’ ठरवतो. सोयाबीनमधील सूत्रकृमीला रोखणारे आरएचजी १ हे स्थान आणखी वेगळा धडा देते. तेथे सुमारे ३१ हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एक तुकडा एकापुढे एक अनेक वेळा आलेला असतो आणि प्रतिकार त्या प्रतींच्या संख्येवर अवलंबून असतो, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. बळी पडणाऱ्या विल्यम्स ८२ या वाणात त्याची एकच प्रत असते. पेकिंग या प्रतिकारक स्रोताच्या प्रकारात सुमारे तीन प्रती असतात, पण तेथे आरएचजी ४ या दुसऱ्या स्थानाची जोड लागते. पीआय ८८७८८ या दुसऱ्या स्रोताच्या प्रकारात प्रती बऱ्याच जास्त असतात. केवळ एका अक्षराचा फरक पाहणाऱ्या मार्करला प्रतींची ही मोजदाद सहसा करता येत नाही.

प्रयोगशाळेतील काम

पान कोवळे घ्यावे. शेंगवर्गीय पिकांच्या जून पानांत पॉलिसॅकराइड आणि फिनॉल वर्गातील द्रव्ये भरपूर असतात. पहिल्यामुळे डीएनए चिकट होतो, दुसऱ्यामुळे तपकिरी पडतो, आणि दोन्ही स्थितींत पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडते. सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढताना द्रावणात पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालावे, ६५ अंश सेल्सिअसला तापवावे, आणि क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल यांच्या २४:१ मिश्रणाने प्रथिने वेगळी करावीत. २६० आणि २८० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणाचे २६०/२८० हे गुणोत्तर १.८ च्या आसपास आले म्हणजे प्रथिनांचा अंश फारसा राहिलेला नाही. मात्र पॉलिसॅकराइड त्यात दिसत नाहीत, ते २६०/२३० या गुणोत्तरावरून ओळखावे लागतात.

प्रत्येक प्लेटमध्ये दाता, आवर्ती पालक, त्यांचा एफ १ आणि डीएनए नसलेला कोरा नमुना असे चार नियंत्रक ठेवावेत. कास्पच्या आलेखावर तीन स्पष्ट पुंजके दिसले पाहिजेत. पुंजक्यांच्या मधोमध पडलेल्या नमुन्याला ओढूनताणून कोणत्याही गटात घालू नये, तो पुन्हा तपासावा. भुईमुगात या बाबतीत विशेष सावध असावे, कारण त्यात दोन उपजनुकसंच आहेत आणि प्रायमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोन्हींना चिकटला तर समयुग्मजी रोपही विषमयुग्मजी भासते.

बॅकक्रॉसची आखणी आणि रोपांची संख्या

आवर्ती पालकाला मादी आणि दात्याला नर ठेवून संकर केला, तर एफ १ रोप खरा संकर आहे की आईचेच स्वपरागण आहे हे त्याच मार्करने कळते. शेंगवर्गीय पिकांत फुले लहान असतात आणि परागण कळी उमलण्यापूर्वीच होते, त्यामुळे नपुंसकीकरणात (पुंकेसर काढण्यात) थोडी चूक झाली तरी खोटा संकर तयार होतो. ही तपासणी कधीही वगळू नये.

पुढे किती रोपे लागतील हे आधी मोजावे. बॅकक्रॉस पिढीत एक जनुक निम्म्या रोपांत येते. ते जनुक असलेले किमान एक रोप ९५ टक्के खात्रीने मिळायला ५ रोपे पुरतात, ९९ टक्के खात्रीसाठी ७ लागतात. दोन जनुके एकत्र हवी असतील तर ९५ टक्के खात्रीसाठी ११, आणि तीन हवी असतील तर २३ रोपे लागतात. स्वपरागणाच्या शेवटच्या पिढीत मात्र आकडे झपाट्याने वाढतात. एका जनुकाचे समयुग्मजी रोप हवे असेल तर ११, दोघांसाठी ४७ आणि तिघांसाठी १९१. हे केवळ किमान आकडे आहेत. त्यांत उगवण न झालेले बी, मेलेली रोपे आणि पीसीआरमध्ये न चाललेले नमुने धरलेले नाहीत, म्हणून दीडपट तरी बी हाती असावे. हरभऱ्यात यशस्वी संकरातून एक-दोनच दाणे मिळतात, त्यामुळे २३ रोपे म्हणजे बऱ्याच फुलांचे हातकाम असते.

सरासरीने आवर्ती पालकाचा अंश पहिल्या बॅकक्रॉसमध्ये ७५, दुसऱ्यात ८७.५ आणि तिसऱ्यात ९३.७५ टक्के होतो. ही सरासरी आहे, प्रत्यक्ष रोपे तिच्या वर-खाली पसरलेली असतात, आणि तेच आपल्या पथ्यावर पडते. सर्व गुणसूत्रांवर पसरलेल्या मार्करांनी दर पिढीत अग्रभागी असलेली रोपे निवडली, तर एखादा बॅकक्रॉस वाचू शकतो. अग्रक्रम असा ठेवावा: आधी प्रतिकाराचे जनुक, मग त्याच्या शेजारचे पुनर्संयोजन, आणि शेवटी उरलेली पार्श्वभूमी.

मधल्या पायरीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. दात्याचा जनुकाभोवतीचा लांब तुकडा बॅकक्रॉसनंतरही चिकटून राहतो आणि त्याच्याबरोबर उशिरा पक्वता, लहान दाणा असे नको असलेले गुण येतात. दाता रानटी असेल तर हे ओझे फार जड असते. हा तुकडा एका बाजूने ५ सेंटीमॉर्गनच्या आत तुटलेले आणि जनुकही असलेले रोप हवे असेल, तर बॅकक्रॉसमधील सुमारे ४० रोपांत असे एक असते, आणि ते ९५ टक्के खात्रीने मिळण्यासाठी ११९ रोपे तपासावी लागतात. दोन्ही बाजू एकाच पिढीत तोडण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या बॅकक्रॉसमध्ये एक बाजू आणि दुसऱ्यात दुसरी, असे केले की रोपांची संख्या आवाक्यात राहते.

वेळापत्रकात एक अट कडक पाळावी लागते. मार्करचा निकाल फुलोऱ्यापूर्वी हाती यायला हवा. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे असतील, तर जाण्या-येण्याचे दिवस मोजूनच पेरणीची तारीख ठरवावी. निकाल उशिरा आला तर सर्वच रोपांवर संकर करत बसावे लागते, आणि मार्करने वाचवलेले कष्ट तेथेच खर्च होतात.

हरभऱ्यात डब्ल्यूआर ३१५ या दात्याचा मर प्रतिकार अन्निगेरी १ या वाणात आणून सुपर अन्निगेरी १ हा वाण याच पद्धतीने तयार झाला. भुईमुगात जीपीबीडी ४ चा तांबेऱ्याचा प्रतिकार आयसीजीव्ही ९१११४, जेएल २४ आणि टॅग २४ या तीन वाणांत नेताना आयपीएएचएम १०३ हा प्रभावी मार्कर आणि तीन सहप्रभावी (विषमयुग्मजी रोप वेगळे दाखवणारे) मार्कर एकत्र वापरले गेले. प्रभावी मार्करची उणीव सहप्रभावी मार्करांनी भरून काढायची, ही रीत अनुकरणीय आहे.

जनुकांची जोडणी आणि रोगाची अंतिम चाचणी

एकाच रोगाला रोखणारी दोन-तीन जनुके एका वाणात आणायची असतात तेव्हा मार्करला पर्याय नसतो. राजम्यातील मोझॅक विषाणूंचे उदाहरण घ्या. आय हे प्रभावी जनुक सामान्य मोझॅक विषाणूपासून संरक्षण देते, पण त्याच्या नात्यातील नेक्रोटिक विषाणूची लागण झाली तर आय असलेले झाड मुळापासून काळे पडून मरू शकते. बीसी ३ हे अप्रभावी जनुक सोबत असले तर हे मरण टळते. दोन्ही असलेले रोप हवे, पण बीसी ३ समयुग्मजी असताना रोप विषाणूला दादच देत नाही, आणि त्यामुळे त्याच्यात आय आहे की नाही हे लागणीची कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. ते केवळ मार्कर सांगतो.

तरीही अंतिम शब्द रोगाचाच. निवडलेल्या समयुग्मजी ओळी सिक प्लॉटमध्ये किंवा कृत्रिम लागणीत किमान दोन हंगाम, दाता व आवर्ती पालक यांच्याशेजारी लावून तपासाव्यात. त्याच वेळी उत्पादन, दाण्याचा आकार आणि पक्वतेचे दिवस यांची आवर्ती पालकाशी तुलना करावी. मार्कर आहे पण रोग येतो, अशी ओळ आढळली तर तिला चुपचाप वगळू नये. तिच्या जनुकाच्या दोन्ही बाजूंचे मार्कर पुन्हा पाहावेत. दोन्ही दात्याचेच असतील तर कदाचित शेतातील रेस बदलली आहे.

अशा बदलाची शक्यता खरी आहे. अमेरिकेत सोयाबीनच्या सूत्रकृमीसाठी वर्षानुवर्षे बहुतेक वाणांत पीआय ८८७८८ हा एकच स्रोत वापरला गेला आणि त्या प्रतिकारावर वाढू शकणारी सूत्रकृमींची वस्ती पसरली. म्हणून वाण प्रसारित झाल्यावरही सिक प्लॉटमध्ये त्याची एक ओळ दरवर्षी ठेवावी, बीजोत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर शंभरेक रोपे त्याच मार्करने तपासून शुद्धता पाहावी, आणि वापरलेले प्रायमर, त्यांचे अनुक्रम, नियंत्रक नमुने व पडताळणीच्या नोंदी वाणाच्या बियाण्याबरोबर जपाव्यात. दुसरा दाता शोधून त्याचा संकर करायचा, तर त्याची सुरुवात पहिल्या वाणात प्रतिकार टिकून असतानाच करावी, कारण नवे जनुक आवर्ती पालकात आणायला किमान चार-पाच हंगाम लागतात.